घरातून आवाज येता कामा नये

फ्रीजच्या तक्रारी ऐकायचं काम मी घरून करते, आणि झकास करते. दिवसाला सत्तर कॉल. ऑफिसात होते तेव्हा गाडी पन्नाशीच्या पुढे कधी सरकली नाही, कारण शेजारच्या खुर्चीतली बाई दर दहा मिनिटांनी जावेची गाऱ्हाणी घेऊन बसायची. घरी कोण आहे? मी, आणि भिंतीपलीकडच्या खोलीत बाबा.

बाबांसाठीच तर घरून काम मागून घेतलं होतं. त्यांची फुप्फुसं कामातून गेलीत. नाकात नळी, नळीला ऑक्सिजनचं मशीन. डॉक्टरांनी बजावलंय, दिवसाचे चोवीस तास मशीन चालू पाहिजे आणि माणूस एकटा राहता कामा नये. मशीन गुणी आहे, पण बोलकं. सारखी घरघर, मध्येच फुस्स.

आणि कंपनीचा नियम काय, तर कॉलमध्ये घरातला आवाज आला की लाल खूण. महिन्यात तीन लाल खुणा झाल्या की चंबूगबाळं आवरून ऑफिसला परत. माझ्या दोन झाल्या तेव्हा महिन्याची सात तारीख होती. अजून तेवीस दिवस काढायचे होते.

त्या दिवशी माझं डोकं फिरलं. बाबा मला लहानपणापासून तोफ म्हणतात ते काही उगाच नाही. त्यांच्या दारात उभी राहून मी ओरडले, "तुमच्या या मशीनपायी मला ऑफिसला जावं लागणार आहे! मग बसा एकटे!"

बोलून गेले आणि जीभ चावली. बाबा एवढंच म्हणाले, "बघू गं. काहीतरी करू."

मी त्याच संध्याकाळी त्यांच्या दारावर जाड रजई ठोकली, खालच्या फटीत जुनी चादर कोंबली. आणि काय सांगू, दुसऱ्या दिवसापासून एक लाल खूण नाही! रजईला कुठे ठेवू नि कुठे नको असं झालं मला.

तरी जिवाला घोर होताच. पूर्वी मशीनच्या घरघरीवरून कळायचं की पलीकडे सगळं ठीक आहे. आता कानावर हेडफोन आणि दारावर रजई. एक कॉल संपून दुसरा यायला अकरा सेकंद मिळतात. तेवढ्यात हेडफोन काढून मी भिंतीला कान लावायची, काही ऐकू यायचं नाही, की पुढचा कॉल वाजायचा. "नमस्कार, आपली काय तक्रार आहे?" आवाज मात्र मधाळ.

दीडला जेवायला उठले की आधी त्यांच्या खोलीत. मशीन चालू, नळी नाकात, बाबा हसतमुख. सहाला कामावरून उठले की तेच. पण त्यांनी पेपर वाचणं सोडलं होतं. पायांवर सूज दिसत होती. ओठ मला काळसर वाटले, तर म्हणाले, "अगं, वय झालं. आता काय लाली येणार आहे?" मी हसले. हसले मी, मूर्खासारखी.

अठ्ठावीस तारखेला सकाळी अकरा वाजता आमच्या टीमची व्हिडिओ मीटिंग होती. आमच्या टीम लीडर मॅडमना आम्ही पाठीमागे आकडेबाई म्हणतो. त्यांनी चाळीस जणांसमोर माझं कौतुक केलं. "दोन खुणांवरून हिने स्वतःला सावरलं, शिवाय कॉल वाढवले. घरात आजारी माणूस असून! सांग बरं सगळ्यांना, काय युक्ती केलीस?"

मी फुशारले. "मॅडम, दाखवतेच," म्हणत लॅपटॉप उचलला आणि बाबांच्या खोलीकडे निघाले. "ही बघा रजई. आत मशीन चालू आहे, पण बाहेर ऐकू येतंय का काही?"

आणि दार उघडलं.

मशीन बंद होतं. बाबा पलंगाच्या कडेला दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून बसले होते, खांद्यांनी श्वास ओढत. ओठ निळे. मला बघून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं आणि लॅपटॉपकडे खूण केली. गप्प, कॉल चालू आहे.

लॅपटॉप कुठे टाकला आठवत नाही. मशीन सुरू केलं, नळी लावली, बोटाला ऑक्सिजन मोजायची चिमटी लावली. एकोणऐंशी. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, नळी काढू नका, अर्ध्या तासात नव्वदच्या वर गेलं नाही तर लगेच घेऊन या. एक्क्याऐंशी. त्र्याऐंशी. चिमटी दोनदा निसटली, दोनदा परत लावली.

"रोज?" मी विचारलं.

"दहा ते दीड," बाबा अडखळत म्हणाले. "मग दोन ते सहा. तुझी खुर्ची सरकली की चालू करायचो."

तीन आठवडे. मी रजईचे गोडवे गात होते आणि माझा बाप पलीकडे साडेसात तास श्वासासाठी तडफडत होता, माझ्या सत्तर कॉलसाठी. मला स्वतःची किळस आली.

आकडा एक्क्याण्णवावर पोचला तेव्हा मॅडमचा फोन आला. हात रिकामे नव्हते, म्हणून स्पीकरवर घेतला.

"अगं, फार वाईट वाटलं बघून. कसे आहेत आता?" त्या खरंच कळवळून बोलत होत्या. मग म्हणाल्या, "एक सुचवू? रात्रभर लावा की मशीन. सहानंतर लावा. नुसते कॉलचे तास सोडून. तुझे आकडे इतके छान आहेत गं. तिसरी खूण झाली तर माझ्याही हातात काही राहणार नाही."

मी तोंड उघडायच्या आत बाबांनी मान डोलावली. "हो म्हण," ते पुटपुटले, "जमतं मला," आणि मशीनच्या बटणाकडे हात नेला.

मी तो हात पकडला.

"मॅडम, मशीन चालूच राहणार. खुणा करायच्या तेवढ्या करा," म्हणाले आणि फोन ठेवला.

लॅपटॉप त्यांच्या पलंगावर मांडला, मशीनला खेटून. पहिलंच गिऱ्हाईक म्हणालं, "ताई, फ्रीज तुमचाही बिघडलाय वाटतं?" बाबा हात सोडवायला बघत होते, मी सोडत नव्हते. सहा वाजेपर्यंत एका हाताने टाइप करत माझे चोवीस कॉल झाले, आणि चोवीसच्या चोवीस लाल.