काचेच्या कपाटातली गन

"दाजी, मी येईस्तोवर विजेच्या गनला हात लावायचा न्हाई. आरतीची शप्पथ हाय तुमाला!"

खड्ड्याची शिडी चढता चढता जालिंदर ओरडला. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत स्पिरिटच्या टाकीखालचा व्हॉल्व्ह गळत होता आणि त्याचे नट गंजून बसले होते. खड्ड्यात स्पिरिटचा वास नुसता कोंडला होता. विजेच्या गनच्या पोटात ठिणगी पडतेच. अशा जागी नट खोलायला हवेवरची गन लागते, टायरवाल्याकडे असते तशी. खाली थांबलेला अजिनाथ जालिंदरच्या धाकट्या बहिणीचा, आरतीचा नवरा. त्याला इथे चिकटवलंही जालिंदरनेच.

"लवकर या, पाव्हणं. सायेब लई वरडत्यात," अजिनाथ म्हणाला.

"विजेच्या गनलाच ओलं पोतं गुंडाळा अन् उरका की!" शिफ्टचे साहेब वरून खेकसलेच. "टँकर खोळंबलाय."

जालिंदर वर्कशॉपकडे पळत सुटला. हवेची गन काचेच्या कपाटात, आणि किल्ली घेऊन स्टोअरकीपर गेलेला अकोल्याला लग्नाला. आता बोला! त्याने मुठीनेच काच फोडली. हात रक्तबंबाळ झाला, पण गन हाती आली. ती बाहेर निघायची ती तपासणीला, नाहीतर खंडेनवमीला. तिला हळदकुंकू लावायचं, नारळ फोडून पाणी शिंपडायचं, पेढे खायचे आणि पुन्हा कपाटात. एवढी महागाची वस्तू, वापरून खराब कशाला करायची!

त्याने कॉम्प्रेसरची नळी जोडली, घोडा दाबला. गन नुसती फुसफुसली. इतक्या वर्षांच्या नारळपाण्याने ती आतून पार गंजली होती. त्याने तेल ओतलं, फरशीवर आपटली, शिव्या घातल्या.

"चाल की गं बये, पाया पडतो तुझ्या!" तो रडकुंडीला आला.

तेवढ्यात टाक्यांकडे धडाम् आवाज झाला आणि वर्कशॉपचे पत्रे थरथरले.

तो धावला, पण चौघांनी त्याला खड्ड्यापासून लांबच धरून ठेवलं. "सोडा रं, माझे दाजी हायेत खाली!" त्याचं कोण ऐकणार? आग आटोक्यात आली तेव्हा कुणी काही सांगायची गरजच उरली नव्हती.

आरती अनवाणीच गेटवर आली. दादाचा रक्ताने भरलेला हात तिने पाहिला आणि पदर फाडून त्याला बांधू लागली.

"त्यांना वडून काढाया गेल्तास ना, दादा?"

जालिंदर हात मागे ओढू लागला, तिने तो घट्ट धरला.

"एकलेच न्हवते ना रं ते?"

"न्हाई गं," तो म्हणाला. "मी हुतो की संगं."