मुक्ताईचं कागदावरचं वय

नंदा काळा गॉगल घालून मोटारीतून उतरली आणि मुक्ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. मोतीबिंदूच तर काढून आली होती बाई, पण ऐट बघावी! मागून तिची सून ऋतुजा पिशव्या धरून चाललेली, आणि ही मान ताठ करून पुढं.

"आक्का, एक रुपया लागला न्हाई बघ!" नंदा फाटकातूनच ओरडली. "सत्तरीचं सरकारी कार्ड दाखवलं, झालं!"

"बरं झालं," असं म्हणून मुक्ताईनं दार लावून घेतलं.

दोघी सख्ख्या बहिणी आणि सख्ख्या जावाही. कात्रजला शेलारांच्या दोन भावांना दोघींना दिलेलं, घरं समोरासमोर. मुक्ताई थोरली, नंदा तिच्याहून चार वर्षांनी धाकटी. पण जे जे चांगलं ते नंदाच्या पदरात पडायचं, असा मुक्ताईचा जन्मभराचा हिशेब. नंदा सातवी शिकली. मुक्ताई दुसरीतूनच घरी बसली, का ते तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. नंदाचा नवरा कायम नोकरीत, अजून ठणठणीत. मुक्ताईचे मालक शेतीत राबून लवकर गेले. वर ही नंदा रोज सकाळी ओट्यावर बसून पेपर मोठ्यानं वाचणार. मुद्दाम हो, मुद्दाम!

पण या खेपेला गोष्ट पेपरची नव्हती, जिवाची होती. मुक्ताईच्या हृदयाची झडप आकसली होती. चार पायऱ्या चढल्या की धाप लागायची. दोन महिन्यांत ऑपरेशन करा, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

मुलगा पृथ्वीराज याचं बुधवार पेठेत मिक्सर-पंखे दुरुस्तीचं छोटं दुकान, हाताखाली दोन माणसं. आईचा विमा काढायला तो दोनदा गेला, कंपनीनं तिची साखर बघून दोनदा नाही म्हटलं. पॉलिसीवरचा कर सरकारनं उठवला तेव्हा तो पुन्हा गेला, आणि तसाच परत आला. "कर गेला गं आई, पण तुला पॉलिसीत घ्यायला तर कुणी पाहिजे!" वाटणीनंतर वेगळं रेशनकार्ड करायचं त्यानं आज-उद्या करत ठेवलेलं, म्हणून रेशनकार्डावरची फुकट उपचारांची योजनाही हुकली. आता तो दुकान विकायचं बोलत होता. ते ऐकलं की मुक्ताईला घास गिळवत नसे.

सत्तरी गाठलेल्यांना फुकट उपचार देणाऱ्या त्या कार्डाला उत्पन्न विचारत नाहीत, आजार विचारत नाहीत. फक्त वय बघतात. मुक्ताईचं खरं वय चौऱ्याहत्तर, आणि आधारकार्डावर सहासष्ट!

हे कुणाचं कर्म? तिचंच. चौदा वर्षांपूर्वी शाळेत आधारकार्डाचं शिबिर लागलं, तेव्हा रांगेत नंदा पुढं आणि ही मागं. जन्माचा दाखला कुणाकडेच नव्हता, सांगाल ते वय लिहून घेत होते. नंदानं सरळ "छप्पन" सांगितलं. त्यावर तो लिहिणारा माणूस म्हणाला, "वाटत नाही हो काकू!" नंदा लाजली, मागच्या बायका हसल्या, आणि मुक्ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिची पाळी आली तशी ती ठणकावून म्हणाली, "बावन्न!" साठीची बाई! नंदा तिच्याकडे बघतच राहिली, पण चारचौघांत काही बोलली नाही.

आता पृथ्वीराज तिला घेऊन आधार केंद्रात गेला. कॉम्प्युटरवरच्या मुलीनं पुरावा मागितला.

"पुरावा कसला? माझी धाकटी बहीण सत्तरची हाय, मग मी सहासष्टची कशी असंन?"

"आजी, कागदावर तुम्हीच धाकट्या आहात," मुलगी म्हणाली. "शाळेचा दाखला आणा. त्यावर बदलून होईल."

शाळा माहेरची, घाटापलीकडं. पृथ्वीराजला दुकान सोडवेना, मुक्ताईला चालवेना. गेली कोण? नंदा! पहिल्या खेपेला जुनं रजिस्टर सापडलं नाही, म्हणून काळा गॉगल लावून ती पुन्हा गेली. इकडं मुक्ताई घरात धुमसत होती. मरणाच्या दारातसुद्धा हिचेच उपकार घ्यायचे! आता जन्मभर सांगत सुटंल, आक्काला मी वाचवलं म्हणून.

पण दाखला घेऊन आलेली नंदा काहीच सांगेना. रिक्षातून केंद्रात जाताना तिच्या तोंडून शब्द नाही. मुक्ताईला ते जास्तच झोंबलं. "काय गं, जड झाला का कागद?" असं तिनं खोचकपणे विचारलंसुद्धा.

केंद्रात बरीच रांग होती. नंबर आल्यावर मुलीनं दाखला हातात घेऊन मोठ्यानं वाचला. "मुक्ता बाबूराव कोंडे. जन्मतारीख एक जून एकोणीसशे एक्कावन्न. इयत्ता दुसरी. शाळा सोडण्याचं कारण..." ती थबकली आणि तिला हसू आलं. "धाकटी बहीण सांभाळण्यासाठी. अय्या, असंपण लिहायचे?"

मुक्ताईनं मान खाली घातली. गुरुजींनी तेव्हा आईला विचारून ते लिहिलं होतं. ती दाराशी उभी होती, कडेवर तीन वर्षांची नंदा घेऊन.

"आक्का," नंदा कशीबशी म्हणाली, "तू मला कधी बोलली न्हाईस."

"काय बोलायचं? तू लेकरू व्हतीस."

"मी रोज पेपर वाचायची, ते तुला ऐकू जावं म्हणून गं. तुला वाचाया आवडायचं, आई सांगायची."

एवढी वर्षं रोज सकाळी मुक्ताईनं त्या आवाजावर दार आपटलं होतं. नंदानं गॉगल काढला आणि पदरानं डोळे पुसायला लागली, तशी मुक्ताईनं तिचा हात धरला.

"चोळू नको. कच्चा हाय डोळा अजून."

"आजी, रांग थांबली आहे," मुलगी म्हणाली. "फॉर्म भरते. वय किती लिहू?"

मागं पंधरावीस माणसं ऐकत होती. मुक्ताईनं नंदाचा हात सोडला नाही. अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं ती म्हणाली, "चौऱ्याहत्तर. हिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी हाय मी."