माटोळीच्या कड्या

२०२२ सालचा शिगमा सरून आठ दिवस झाले होते, तेव्हा गोव्यात साखळीला गावसांच्या काजूच्या भाटात, म्हणजे बागेत, उभ्या राहणाऱ्या इमारतीच्या पहिल्या मजल्याच्या माथ्यावरचा स्लॅब भरला. यशोदा त्या दिवशी सकाळपासून समोरच्या भाड्याच्या घराच्या सोप्यावर बसून होती. तशी ती रोजच बसे, पाया खणला तेव्हापासून. कुठल्या खांबाच्या जागी कुठलं झाड होतं ते तिला पाठ होतं. लिफ्टच्या खड्ड्यात फणस, जिन्याखाली विहिरीची वाट आणि कामगार सळ्या कापत होते तिथे तिने स्वतः लावलेली अबोली.

"किती बघतंस गे?" तिचा नवरा गोकुळदास म्हणे. "बिल्डिंग खय पळान जावची नाय."

"बिल्डिंग नाय पळाची. बाकीच्यांचा काय सांगू नये."

बाकीचे म्हणजे धाकटी जाऊ, सुविधा.

गोकुळदास आणि त्याचा धाकटा भाऊ परेश यांनी घर आणि भाट बिल्डरला दिलं होतं. बदल्यात पहिल्या मजल्यावर दोन फ्लॅट मिळायचे होते, दारासमोर दार. उगवतीकडचा गोकुळदासचा, मावळतीकडचा परेशचा. इमारत होईपर्यंत दोन्ही कुटुंबं एकाच भाड्याच्या घरात, दोन-दोन खोल्यांत राहत होती. चुली वेगळ्या.

फ्लॅट ठरले, पण एक गोष्ट ठरायची राहिली होती. चवथीचा गणपती नव्या इमारतीत कोणाच्या हॉलमध्ये बसायचा? गोकुळदास मोठा, तेव्हा त्याच्याकडे, असं सगळे धरून चालले होते. पण मोठ्याने कोणीच बोललं नव्हतं आणि हे न बोललेलं यशोदेला दातात अडकलेल्या सुपारीच्या फोडीसारखं सलत होतं. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली, भाटातली फळं-फुलं बांधतात, ती माटोळी. १९८४ साली लग्न होऊन आली त्या वर्षापासून ती यशोदाच बांधत आली होती. सुपारीचा घड कुठे, तोरिंगं कुठे, कवंडळं कुठल्या कोपऱ्यात, हे घरात तिच्याशिवाय कोणाला सांगता येत नव्हतं. सासूने जाताना तिला सोनं फारसं दिलं नव्हतं. एवढंच दिलं होतं.

आणि सुविधा? ती पेडणे तालुक्यातल्या कोरगावची, हायस्कुलात गणित शिकवणारी. स्कूटरवरून उतरायची, हेल्मेट हातात घेऊन तशीच बांधकामावर जायची, नकाशा उलगडायची. इंजिनिअर तिच्या मागून "मॅडम, मॅडम" करत फिरे. यशोदा एकदा गेली तर तोच म्हणाला, "आजी, इथे उभ्या राहू नका, वरून काहीतरी पडेल." साठ वर्षं म्हणजे काही आजीचं वय नव्हे. ते ऐकून सुविधा गालात हसली, असं यशोदेला वाटलं. कदाचित हसली नसेलही. पण यशोदेने ते हसू मनात ठेवून दिलं.

स्लॅबच्या आदल्या दिवशी सुविधा शाळेतून परस्पर शिडी चढून वर गेली. तिच्या हातात जड पिशवी होती. खालून यशोदेला नुसती छत्री दिसत होती आणि छत्रीखाली वाकलेला बाबाजी. बाबाजी सळईकाम करायचा, बेळगावकडचा. सुविधा उतरली तेव्हा पिशवी रिकामी होती.

स्लॅब भरल्याच्या दुसऱ्या दिवशी बाबाजी नेहमीसारखा यशोदेकडे माठातलं पाणी प्यायला आला.

"परवा काय दिलं रे तुला आमच्या मॅडमनी?" यशोदेने सहज विचारावं तसं विचारलं.

"कड्या की ओ, बाई. सात कड्या. लोहाराकडनं करून आणल्या होत्या. स्लॅब भरायच्या आत बसवा म्हटल्या. हॉलात बसवलोय बघा, सळईला बांधून. हत्ती टांगला तरी हलायच्या नाहीत."

"कसल्या कड्या?"

"गणपतीच्या वर ते तुमचं काय असतंय नव्हे, फळांचं, ते टांगायला."

यशोदेने तांब्या त्याच्या हातून जवळजवळ ओढूनच घेतला. कुठल्या हॉलात, हे विचारायचं तिच्या मनातही आलं नाही. दुसऱ्याच्या घरात का कोणी कड्या बसवून घेतं?

तो सगळा दिवस ती आतून धुमसत राहिली. दुपारी सुविधा घरी आली, मुलीला, ऋतिकाला, वाढू लागली. तिच्या भांड्यांचा आवाजसुद्धा यशोदेला ऐकवेना. म्हणजे ठरवूनच टाकलंन हिने. न विचारता, न सांगता, काँक्रीटमध्ये पक्कं करून टाकलंन. उद्या चवथ आली की म्हणणार, वयनी, आमच्याकडे कड्या आहेतच, तुमच्याकडे कशाला त्रास? स्लॅब एकदा भरला की भरला. आता आपल्या हॉलात कड्या घालायला जागा नाही.

मग तिला सुचलं. कड्या हलत नाहीत, पण माणसं हलतात.

"माका मावळतीकडलो फ्लॅट व्हयो," तिने गोकुळदासला सांगितलं. "सकाळचा ऊन डोळ्यांत येता."

गोकुळदासने वर्तमानपत्र खाली ठेवलं. "चार वर्सां उगवती उगवती करून माझो जीव खाल्लंस. आता सूर्यान काय केल्यान तुझा?"

पण यशोदेने धरलं की सोडायची नाही, हे त्याला अडतीस वर्षांत कळलं होतं. रविवारी सगळे एकत्र बसले. परेशला दोन्ही सारखेच होते. त्याने खांदे उडवले. सुविधा मात्र यशोदेकडे बघत राहिली आणि बघता बघता तिचे डोळे भरून आले.

"वयनी, तुमी नीट विचार केलास?"

"केलंय. तुका देवचो नसात तर तसा सांग."

"माझी ना नाय," सुविधा म्हणाली आणि उठून तिने यशोदेच्या पायांना हात लावला.

नाटकं, यशोदा मनात म्हणाली. हरली म्हणून पाया पडली. त्या दिवशी ती दोन घास जास्त जेवली. पुढच्या आठवड्यात बिल्डरच्या ऑफिसात कागद बदलले, सह्या झाल्या.

मे महिन्यात स्लॅबखालच्या सेंट्रिंगच्या फळ्या उतरवल्या आणि जिना मोकळा झाला. गुडघ्यांवर हात ठेवत, प्रत्येक पायरीवर थांबत यशोदा वर गेली. मावळतीकडच्या हॉलमध्ये शिरली आणि मान वर केली. स्लॅबचं ओलसर करडं काँक्रीट, मध्ये पंख्याचा एक डबा. बस. तिने चारी कोपरे पाहिले, स्वयंपाकघर पाहिलं, पुन्हा हॉलमध्ये आली. बाबाजी खोटं बोलला म्हणावं तर त्याला काय पडलंय?

समोरच्या घरातून बोलणं ऐकू आलं. दारं अजून बसवली नव्हती. सुविधा आणि ऋतिका उगवतीकडच्या हॉलमध्ये उभ्या होत्या, आणि त्यांच्या डोक्यावर, माटोळीच्या चौकटीच्या मापाने अगदी बरोबर, सात कड्या होत्या. तांबडा रंग लावलेल्या.

"येवा वयनी, बघा," सुविधा म्हणाली. "तुमका तेव्हाच सांगूक व्हया होता. माकाच गंमत करूची होती."

आणि तिने सांगितलं. मागच्या चवथीला भाड्याच्या घरात यशोदेने जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, गजांना दोऱ्या लावून माटोळी बांधली, तेव्हा ती स्टुलावरून पडता पडता वाचली होती. ते बघून सुविधेने मनाशी ठरवलं, वयनींच्या नव्या हॉलात कड्या आधीच घालून घ्यायच्या आणि घर ताब्यात आलं की दाखवायच्या. मग वयनींनी अचानक फ्लॅट बदलायचं काढलं. सुविधेला वाटलं, बाबाजीने सांगितलंच असणार. कड्या कुठे आहेत ते ठाऊक असूनही वयनी तो हॉल आपल्याला देतायत, म्हणजे आता त्यांना झेपत नाही आणि तोंडाने म्हणवत नाही. म्हणून अशा वाटेने गणपती आपल्या हाती सोपवतायत.

"मोठी आई, त्या दिवशी आई किती रडली ठाऊक आहे?" ऋतिका म्हणाली. "म्हणाली, माझ्यावर एवढा विश्वास कोणीच टाकला नव्हता."

यशोदेने भिंतीचा आधार घेतला. प्लास्टर नव्हतं, विटेची कड हाताला लागली. आत्ताच्या आत्ता म्हणावं, फ्लॅट परत बदला. म्हणावं, मशीन लावून माझ्याही हॉलात कड्या घाला, मागाहूनही बसतात. पण त्यासाठी मावळतीकडचा फ्लॅट आपण कशासाठी मागितला, ते सांगावं लागलं असतं. समोर दोघी तिच्याकडे बघत होत्या. अशा नजरेने तिच्याकडे घरात कधी कोणी बघितलं नव्हतं, आणि ती नजर हातची घालवायचं धाडस तिला झालं नाही.

"हां," ती म्हणाली. "गुडघे चलनत नाय गे आता. आणि तुझ्याकडे काय नि माझ्याकडे काय."

पुढच्या वर्षी चवथीच्या आधी दोन्ही कुटुंबं राहायला गेली. गणपती उगवतीकडच्या हॉलमध्ये बसला, तेव्हापासून तिथेच बसतो. बाबाजी सळ्यांचं काम घेऊन म्हापशाकडे गेला. तिथे स्वतःची टोळी करून ठेकेदार झाला आणि दिवाळीला गोकुळदासला फोन करतो. परेशने गाडी घेतली, आणि ती पार्किंगमध्ये कुठल्या खांबाशी लावायची यावरून शेजाऱ्यांशी भांडतो. गोकुळदासला मावळतीचं ऊन सोसत नाही. दुपारभर तो भावाच्या घरी जाऊन झोपतो. ऋतिका बारावीला आहे आणि माटोळीच्या गाठी तिला आईपेक्षा चांगल्या येतात. सुविधा मुख्याध्यापिका झाली. घरी आलेल्या प्रत्येकाला ती सांगते की आमच्या वयनींएवढं मोठं मन मी कुठे बघितलं नाही.

यशोदा चवथीच्या आदल्या दिवशी सुविधेच्या हॉलमध्ये खुर्चीवर बसते आणि कुठलं फळ कुठे ते सांगते. ते झालं की आपल्या घरी येते. आरतीच्या वेळी समोरच्या दाराबाहेर चपला पडतात. ती आपल्या दाराच्या फटीतून त्या मोजते, आणि मग तोंडावर पाणी मारून, हसतमुखाने, सगळ्यांच्या शेवटी आरतीला जाते.