राखाडी ठिपका

पडदा पुन्हा काळा पडला, तेव्हा सुनेने कानांवरचे हेडफोन काढले आणि मांडीवर ठेवले. सकाळपासूनची ही तिसरी खेप. फिल्म तयार होऊन बाहेर पडू लागायची, पट्टी अर्ध्यावर सरकायची, अन् कॉम्प्युटर डोळे मिटून घ्यायचा.

"अकरावं मिनिट," ती म्हणाली. "अगदी ठरवून दगा देतंय."

सासरे खिडकीपाशी बसले होते. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. गल्ली त्यांना घड्याळजीच म्हणे. हे यंत्र दोघांनी मिळून जोडलं होतं. खोका एका बंद पडलेल्या ऑफिसातला, प्रोसेसर आणि त्यावरचा पंखा नवा, ग्राफिक्स कार्ड मात्र कुणीतरी वापरून विकलेलं. सून एकेक भाग हुडकून आणायची, घड्याळजी डोळ्याला भिंग लावून स्क्रू पिळायचे.

"कार्डच खराब निघालं. स्वस्तात घ्यायला गेले आणि फसले. बाबा, मी स्टुडिओत फोन करते. मालक म्हणालेत, दोनपर्यंत कळव, नोकरीची खुर्ची रिकामी आहे."

"आणि ही फिल्म?"

"तिथेच बसून काढीन. पाचला द्यायचीय ना. फिल्मच्या शेवटी नाव त्यांचं जाईल, एवढंच."

एवढंच म्हणताना तिने टेबलावर नसलेला कचरा तळहाताने गोळा केला.

मातीची भांडी घडवायला शिकवणाऱ्या एका बाईंची ती फिल्म. सुनेने स्वतः मिळवलेलं पहिलं काम. आठवडाभर या घरातल्या पडद्यावर चाक फिरत होतं, माती उभी राहत होती, कोसळत होती, पुन्हा उभी राहत होती.

घड्याळजी उठले. तापल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा त्यांनी खोक्यावर तळवा ठेवला. वरचा कोपरा, प्रोसेसर होता तिथे, चटका बसेल इतका गरम. कार्डाच्या बाजूला नुसतं कोमट. हात तिथेच राहिला.

"सूनबाई, फोन ठेव जरा."

"का हो?"

"त्या नव्या पंख्याच्या बुडाला एक राखाडी ठिपका होता. चिकट. आठवतो?"

"हं."

"मी पुसला." त्यांनी घसा खाकरला. "स्पिरिट लावून, लख्ख. जन्मभर तेच केलं बघ. घड्याळात चिकट काही दिसलं की आधी ते काढायचं, मग पुढचं काम. मला वाटलं, कारखान्यातली घाण राहिलीय."

सून त्यांच्याकडे बघत राहिली. दोन शब्द सुनावले असते तरी बरं, असं त्यांना वाटून गेलं.

"मी पाहिलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"तुम्ही पुसताना. मला वाटलं, वा, बाबांना किती कळतं! फडकं कुणी आणून दिलं होतं? मीच की!"

आधी तिला हसू फुटलं. मग त्यांनाही आवरेना.

घड्याळजींनी पंखेवाल्या दुकानदाराला फोन लावला, तर तोही पोटभर हसून घेऊन मग बोलला. "आजोबा, सगळी गंमत त्या लेपातच असते! प्रोसेसरची धग त्याच्यातूनच पंख्यापर्यंत पोचते. नळी मिळते त्याची, घेऊन जा. मुगाच्या दाण्याएवढा थेंब टाका. रंगारी भिंत माखतो तसं नको."

सून धावत जाऊन नळी घेऊन आली. घड्याळजींनी चार स्क्रू सोडवले, पंखा उचलला आणि नळी तिच्यापुढे धरली.

"तूच टाक. माझ्यावर भरवसा नको."

"टाका मुकाट्याने. पुसू नका म्हणजे झालं."

त्यांनी श्वास रोखला आणि थेंब टाकला.

पट्टी सरकू लागली. अकरावं मिनिट आलं. बारावं आलं. तेरावं. पंखा आपल्या लयीत गुणगुणत राहिला, दळताना बाई आपल्याशीच गुणगुणते तसा. पट्टी काठाला टेकली. पडद्यावर ओली माती गोल फिरत वर आली, आणि सरतेशेवटी, बारक्या अक्षरांत, सुनेचं नाव.

तिने फोन उचलला. घड्याळजी बाहेर जायला निघाले, तर तिने हातानेच बसा म्हणून सांगितलं.

"नाही येत मी, साहेब... हो, घरीच काम मांडलंय... छे, एकटी कुठे? दोघं आहोत आम्ही."

घड्याळजींना एकदम आठवलं, नळीचं टोपण उघडंच राहिलंय. ते लावायला ते घाईघाईने उठले.