आश्रुबांच्या मागचं आभाळ

आश्रुबांना स्वतःचा फोटो हवा होता, पण मेल्यावर लावतात तसला नको होता. गावात कुणी गेलं की आधार कार्डावरचं तोंड कातरायचं, निळ्या पडद्यावर चिकटवायचं आणि चौकात फ्लेक्स बांधायचा, हे त्यांनी फार पाहिलं होतं.

"माजं तोंड माज्या रानात दिसलं पाह्यजे," ते सावित्रीबाईंना म्हणाले होते. "रान बी दिसावं, तोंड बी. आन घरी कुनाला सांगू नगा. पोरगं म्हनंल, म्हातारं मरायची तयारी करतंय."

तलवाड्यातला फोटो स्टुडिओ सावित्रीबाईंच्या नवऱ्यानं चाळीस वर्षं चालवला. ते गेल्यावर नात मंजुषा बीडला शिकून आली आणि तिनं कॅमेरा हाती घेतला. त्या दिवशी वारा फार होता. फ्लॅशचा स्टँड दोनदा आडवा झाला, म्हणून चौऱ्याहत्तर वर्षांच्या सावित्रीबाई फ्लॅश बांधलेली काठी धरून कपाशीत उभ्या होत्या. कॅमेऱ्याचं बटण मंजुषानं दाबलं की त्यांच्या हातातला फ्लॅश उडायचा.

दिवस मावळत होता आणि आश्रुबा मावळतीला पाठ करून उभे होते. डोक्याला उसना आणलेला भगवा फेटा. एरवी टोपीशिवाय त्यांना कुणी पाहिलेलं नव्हतं.

पहिल्या फोटोत आभाळ सुरेख आलं, पण आश्रुबा तव्याच्या बुडासारखे काळे. दुसऱ्यात फ्लॅश जोरात उडवला, तर तोंड चुना फासल्यासारखं पांढरं आणि मागं रान नाहीच, नुसता अंधार.

"रान कुटं गेलं माजं?" कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकावून आश्रुबा म्हणाले. कानानं ते ठार बहिरे होते, डोळे मात्र अजून पक्के.

"फ्लॅश तोंडापुरता, मंजे," सावित्रीबाई म्हणाल्या. "आभाळ शटरनं आत घ्यायचं. शटर जरा जास्त वेळ उघडं ठेव. तुझे आजोबा म्हणायचे, पाहुण्याला ताट वाढताना घरच्यांना उपाशी ठेवू नये."

मंजुषा हसली. आश्रुबा परत जागेवर गेले. तिनं फ्लॅश कमी केला, शटर वाढवलं, पुन्हा तोंड पाहिलं, पुन्हा आभाळ पाहिलं. आभाळाचा उजेड दर मिनिटाला उतरत होता, त्यामुळे जमलेलं माप लगेच मोडत होतं. सातव्या का आठव्या फोटोला सावित्रीबाईंनी सहज वर पाहिलं. आश्रुबांच्या मागं, दूर बांधावर, एक माणूस उभा होता.

मग तीन झाले. मग पंधरा-वीस. आभाळावर नुसत्या काळ्या आकृत्या, आणि हातांतून वर आलेल्या काठ्या.

 पंधरवड्यापासून वस्तीवस्तीवर एकच बोलणं होतं. रात्री ड्रोन फिरतात, चोर वरून घरं हेरतात, खाली रानात लपलेली माणसं उजेडानं त्यांना इशारा देतात. पाहिलं कुणी, असं विचारलं तर प्रत्येक जण दुसऱ्या गावाचं नाव घ्यायचा. पण परवाच शेजारच्या शिवारात एका फिरत्या औषधवाल्याला बांधून मारलं होतं, ते खरं होतं. त्याचा जबडा मोडला होता. तेव्हापासून अंधार पडायच्या वेळी रानात काम असलं तर वस्तीवर आधी सांगायचं, असं ठरलेलं. आश्रुबांच्या शब्दाखातर या दोघींनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

"कोन हाय बे तिकडं?"

मंजुषा दचकली. बोट बटणावरच होतं. फ्लॅश उडाला.

"बगा, इशारा द्यालेत! धरा! पळू देऊ नगा!"

कपाशीतून पाय धावत आले. एक दगड सपकन पानांत पडला.

"आज्जे, पळू गं," मंजुषा म्हणाली. "गाडी रस्त्यालाच हाय."

"पळालो की चोरच ठरलो. आणि यांना कुणाच्या भरवशावर टाकायचं?"

आश्रुबा कॅमेऱ्याकडे बघून हसत होते. त्यांच्या पाठीमागं काय येतंय ते त्यांना ऐकू येत नव्हतं.

"मान सरळ हाय का माजी?"

"आम्ही फोटोवाल्या हाओत!" मंजुषा ओरडली. वाऱ्यानं शब्द मागच्या मागं नेले.

सावित्रीबाईंना तो पहिला फोटो आठवला. माणूस होता, पण तोंड नव्हतं. या लोकांनाही पुढं एक फेटेवाली काळी पाठ दिसत होती आणि तिच्याआडून उडणारा उजेड. ओळखणार तरी कशावरून? उजेड त्यांच्या बाजूनं पडायला हवा होता.

त्या चालू लागल्या. गर्दीच्या दिशेनं. लुगड्यात कपाशीची झाडं अडकत होती. दुसरा दगड कानाजवळून गेला. त्यांनी आश्रुबांचं कोपर धरलं आणि त्यांना गर्रकन फिरवलं. मग काठी तिरपी करून फ्लॅशचं तोंड त्यांच्या तोंडावर रोखलं आणि उजेड वाढवायची चकती अंगठ्यानं शेवटपर्यंत फिरवली.

"मंजे, दाब!"

काहीच झालं नाही. फ्लॅश भरत होता. आत बारीक शीळ घुमत होती आणि त्या शिळेपेक्षा धावणारे पाय जवळ आले होते. सावित्रीबाईंनी पाठीवर पहिली काठी बसायची वाट पाहत खांदे आवळून घेतले.

"दाब गं!"

आश्रुबांचं तोंड लख्ख उजळलं. सुरकुत्या, पांढऱ्या मिशा, दिपलेले डोळे, सगळं.

"आरं थांबा! हाणू नगा! आश्रुबा तात्या हायेत!"

पाय थांबले. दहा पावलांवरून एक आवाज आला.

"आबा?"

तो परमेश्वर होता, आश्रुबांचा थोरला. गेवराईहून येताना वस्तीवर हाळी ऐकून तो गर्दीत शिरला होता, आणि सगळ्यांच्या पुढं तोच होता.

आश्रुबांनी डोळे चोळले. "परमेश्वर? तुला कुनी सांगितलं रं? मी तर गुपचूप आलतो." मग मागच्या माणसांकडे बघून त्यांचं तोंड फुललं. "आरं, समदेच आलात की! फोटो काढायलाच आलात नव्हं? या, माज्या मागं हुबं ऱ्हावा. रानासंगं मानसं बी येतील."

आश्रुबा पुन्हा कॅमेऱ्याकडे वळले. खरं सांगायची कुणाची छाती झाली नाही. माणसं खाली मान घालून एकेक करत म्हाताऱ्याच्या मागं उभी राहिली. काठ्या त्यांनी पायाशी लपवल्या. इतक्या जवळून आता त्यांचे श्वास ऐकू येत होते.

मंजुषा नको म्हणू शकली नाही. आभाळात थोडाच उजेड उरला होता. तिनं फ्लॅश कमी केला, कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट केला, शटर पूर्ण एका सेकंदावर नेलं. सावित्रीबाई काठी घेऊन बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. 

"परमेश्वर, हात म्होरं घे की," आश्रुबा म्हणाले. "मागं काय धरलायस?"

परमेश्वरनं हात पुढं घेतला नाही. सावित्रीबाई उभ्या होत्या तिथून तो हात दिसत होता. मुठीत भला मोठा धोंडा होता आणि बोटं पांढरी पडली होती. तो टाकायचा, एवढंही त्याला सुचत नव्हतं. त्यानं मान वळवली तेव्हा सावित्रीबाई बघताहेत हे त्याला कळलं.

"कुणी हलू नका," मंजुषा म्हणाली. तिचाच आवाज हलत होता.

सावित्रीबाईंनी फ्लॅश वर धरला, आणि उजेड म्हाताऱ्याच्या तोंडापुरताच पडेल असा कलता केला.