पोत्यामागचं डोकं

ताडपत्री आहे मी. अस्सल सुती, मेण पाजलेली, चारी कडांना कड्या ठोकलेली. हल्ली तुम्ही जिला ताडपत्री म्हणता ती निळी प्लास्टिकची चिंधी वेगळी. तिचा-माझा काही संबंध नाही. बसायचं तर बसा, पण मधे बोलू नका. माझं डोकं फिरलेलं आहे, आणि गोष्टही डोक्याचीच आहे.

नागपूरच्या वाडीत बाबूलालनं पहिला ट्रक घेतला, त्यावर माझी वरात निघाली. अमरावती रोड मला तोंडपाठ आहे. संत्री, सरकी, सिमेंट, काय काय झाकलं मी! एकदा पत्र्याचा कोपरा लागून मी टरकन फाटले, तर बाबूलालनं आपल्या जुन्या खाकी पँटचा तुकडा काढला आणि दाभण घेऊन स्वतः ठिगळ शिवलं. तेव्हा तो नुसता बाबूलाल होता. पुढं गाड्या वाढल्या, गोदाम झालं, त्याचा बाबूलालभाऊ झाला आणि मी गोदामाच्या मागं जाऊन पडले. गरज सरो, वैद्य मरो! माझ्यावर मांजर व्याली, तेवढीच काय ती सोबत.

तिथून मला वस्तीतल्या युवक मंडळाच्या पोरांनी उचललं. कार्यक्रमाला खाली अंथरायला बरी, म्हणून. मंडळाचा अध्यक्ष दुर्गेश. पांढरा कुर्ता, कानाला फोन, आणि प्रत्येक वाक्यात ‘पाहुणे काय म्हणतीन?’

त्याच मंडळात कामिनी होती. ती एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करते. म्हणजे काय, तर आठवडाभर वाढदिवसवाल्या भाऊ-दादांचे चेहरे कम्प्युटरवर गोरे करते. त्याचा वीट आला म्हणून असेल, तिनं दर रविवारी वस्तीतल्या लहान पोरांचा चित्रांचा वर्ग सुरू केला.

पहिल्या रविवारी ती म्हणाली, "काढा जे वाट्टे ते." आणि माय वं! सगळ्यांनी एकच चित्र काढलं. दोन डोंगर, मधे सूर्य, खाली नदी, नदीकाठी झोपडी आणि नारळाचं झाड. अरे, वाडीत नारळाचं झाड पाहिलं कोणी? डोंगर कुठं आहेत? मी एवढा मुलूख फिरले, असा डोंगराच्या बेचक्यात बसलेला सूर्य मला कुठं भेटला नाही. पण शाळेत त्यालाच ‘देखावा’ म्हणतात आणि त्यालाच मार्क देतात.

कामिनी रागावली नाही. तिनं पोरांना रस्त्याच्या कडेला नेऊन उभं केलं. ट्रकच्या मागच्या फाळक्यावरची नक्षी बोटानं गिरवायला लावली. जमिनीवर उताणं झोपवून विचारलं, "आता झाड केवढं दिसून राहिलं?" तिचं एकच म्हणणं, "आधी पाहा, मंग काढा." आणि कागद पुरेनात, पोरांचे हात कडेबाहेर जायला लागले, तेव्हा तिनं मला पसरलं. ट्रक रंगवणाऱ्यांकडून उरलासुरला ऑइल पेंट मागून आणला आणि म्हणाली, "ह्यावर काढा. तुमच्या तुमच्या रस्त्यावर जे दिसते ते."

खरं सांगते, इतकी वर्षं मी माल झाकला. माझ्याकडं कोणी पाहावं असं माझ्यावर पहिल्यांदाच काही आलं. कडेनं फाळक्याची नक्षी, मधे चहाची टपरी, टायरवर बसलेलं कुत्रं. आणि माझ्या ठिगळाच्या बाजूला काजलचं चित्र.

काजल दुसरीत. तिचा बाप संजीव बाबूलालच्याच गोदामात हमाली करतो. तिनं दोन पाय काढले, भलेमोठे, भेगांसकट. एका चपलेच्या पट्ट्याला लाल वायर गुंडाळलेली. पायांवर लहानसं अंग, आणि अंगावर थेट पोतं. डोकं नाहीच.

कामिनी तिच्याजवळ उकिडवी बसली. "काहून वं काजल, याले डोकं नाही?"

"हाये ना. पोत्याच्या मागं हाये." काजल रंगवता रंगवताच बोलत होती. "मी डबा द्याले जातो ना बाबाले, तवा समदे पोते घेऊनच राह्यते. तोंड कोणाचंच दिसत नाही."

"मंग तुले बाबा कसा समजते?"

"पायावरून. बाबाच्या चपलेले लाल वायर हाये."

कामिनीनं लाल रंगाचा डबा काजलकडं सरकवला.

तान्हा पोळा जवळ आला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं लहान पोरं लाकडाचे नंदी सजवून मिरवतात. यंदा पाहुणे म्हणून बाबूलालभाऊ येणार, आणि स्टेजच्या मागं मी लागणार, असं ठरलं. पोरं नुसती नाचत होती. काजलनं घरी जाऊन बापाला सांगून ठेवलं, "तू स्टेजवर हाये." संजीव म्हणाला होता, खुर्च्या उचलायला येणारच आहे, तेव्हा पाहीन.

आदल्या दिवशी दुर्गेश मला पाहायला आला. पाहत पाहत काजलच्या चित्रापाशी थांबला. "अबे, हे काय? बिनमुंडक्याचा माणूस? सणासुदीले? पाहुणे काय म्हणतीन? कामिनी, तू पोरायले शिकवून राहिली का बिघडवून राहिली वं?"

"भाऊ, तिले विचारा ना गा एकदा, काहून असं काढलं म्हणून."

"विचाराचं काय त्यात? चुकलं तं चुकलं."

काजल तिथंच उभी होती, दोन हातांच्या अंतरावर. विचारलं नाही! दुर्गेशनं कोपऱ्यातला पोस्टर कलर घेतला, बाटलीत थोडं पाणी घातलं आणि पोत्याच्या वर एक मुंडकं बसवलं. गोल चेहरा, दोन डोळे, मोठ्ठी मिशी आणि हसणारे दात. फ्लेक्सवर असतात ना, तसले दात. ब्रश माझ्या अंगावर फिरत होता आणि मला तो पत्र्याचा कोपरा आठवला. तेव्हाही एवढं लागलं नव्हतं.

"पाह्य, आता कसा चांगला झाला बाबा तुहा!" दुर्गेश खूष होऊन म्हणाला.

काजल म्हणाली, "हा माहा बाबा नाही." आणि जी रडायला लागली! कामिनीनं तिला जवळ घेतलं आणि दुर्गेशला सांगितलं, "तुमचं चित्र तुमच्यापाशी ठेवा. स्टेजवर लावू नका." दुर्गेशलाही तेच हवं होतं. त्यानं बाबूलालभाऊंचा चेहरा असलेला फ्लेक्स मागवला, आणि तो कोणत्या दुकानातून आला असेल हे तुम्ही ओळखलंच असेल.

तान्ह्या पोळ्याला दुपारपासून आभाळ भरून आलं. स्टेजवर छत हवं, म्हणून पोरं मला घेऊन बांबूंवर चढली. दुर्गेश खालून ओरडला, "चित्र आतल्या बाजूले घ्या बे! रस्त्यावरून दिसाले नाही पाह्यजे!" पोरांनी घेतलं आतल्या बाजूला. आता छताची आतली बाजू म्हणजे बसलेल्यांच्या बरोबर डोक्यावर, हे अध्यक्षांच्या ध्यानात आलं नाही. मी कशाला सांगू?

नंदी आले, पोरं आली, बाबूलालभाऊ आले. दुर्गेश माइक घेऊन त्यांची स्तुती करत होता आणि वर पावसाची सर आली. माझं मेण आता म्हातारं झालंय, पाणी झिरपतं. पोरांचा ऑइल पेंट पक्का, तो हलला नाही. पण तो पोस्टर कलर! आधी मिशी गळाली. मग दात. मग डोळे ओघळत खाली आले आणि सगळं टपटप दुर्गेशच्या पांढऱ्या कुर्त्यावर पडलं. मी मुद्दाम केलं का? तसं समजा हवं तर. मला काही वाईट वाटलं नाही.

"हे काय टपकून राह्यलं?" बाबूलालभाऊ म्हणाले आणि सगळ्यांनी वर पाहिलं.

संजीव तेव्हा डोक्यावर खुर्च्यांची चळत घेऊन स्टेजवर येत होता. त्यानं चळत उतरवली आणि मान वर केली. मग त्यानं खाली आपल्या चपलेकडं पाहिलं, पुन्हा वर पाहिलं.

"हा तं माहाच पाय हाये," तो म्हणाला.

"डोकं पोत्याच्या मागं हाये बाबा," काजल म्हणाली. संजीवनं तिला उचललं आणि गळ्यातल्या दुपट्ट्यानं आपलं तोंड पुसलं. त्याच्यावर तर पाऊस पडतही नव्हता.

आणि बाबूलालभाऊ? त्यांनीही निरखून पाहिलं. म्हणाले, "अरे, हे तं आपल्या पहिल्या गाडीची ताडपत्री! हे ठिगळ माह्या पँटचं हाये!" घ्या! ज्या पायांवर त्यांचं गोदाम उभं आहे ते पाय ठिगळाला लागूनच होते. ते ओळखता आले नाहीत. पँट बरोबर ओळखली.

सध्या मी मंडळाच्या खोलीत घडी होऊन पडले आहे. गणपतीला मला पुन्हा काढणार आहेत. दुर्गेशनं कालच एक डबा आणून माझ्या शेजारी ठेवला. ऑइल पेंटचा. म्हणतो, "या बारीनं पक्कं डोकं काढतो."

पोस्टर कलर होता तोवर मी माझ्या परीनं निभावलं. ऑइल पेंट लागला तर माझ्याच्यानं काही होणार नाही, काजलचा बाप कायमचा तसले दात काढून हसत राहील. म्हणून तुमच्यापाशी बोलतेय. तुमच्याही घरात एखादं पोर चित्र काढत असेल, त्यातलं काही चुकलं असं तुम्हाला वाटेल. तेव्हा आधी ब्रश खाली ठेवा आणि त्याला ‘काहून’ म्हणून विचारा. वाडीत हा शब्द दिवसातून शंभरदा कानावर पडतो. दुर्गेशलाही येतो. कोणीतरी त्याला गणपतीच्या आधी सांगा हो.