सुगंधाबाईची काठी

मित्रांनो, चामोर्शीकडच्या एका गावातल्या कौलारू घरात राहणारी मी बांबूची जुनी काठी. मला ना नक्षी, ना धड मूठ. तरी एके काळी या घरात माझा मोठा मान होता.

सुगंधाबाईला कॅन्सर झाला. शहरातल्या दवाखान्यात सलाईनमधून औषध सुरू झालं आणि तिच्या अंगातलं त्राणच गेलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "थकवा येतो म्हणून झोपून राहू नका. जमेल तेवढं रोज चाला. पुढचं औषध सोसायला ताकद हवी." घरी येताच तिच्या नवऱ्याने, सोमाजीने, परसातल्या बांबूच्या बेटातून मला तोडलं. विळ्याने माझ्या गाठी तासल्या. तिच्या हाताला टोचू नये म्हणून वरच्या टोकाला तिच्याच जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली.

पहिल्या दिवशी ती अंगणापर्यंत गेली. मग चिंचेपर्यंत. महिनाभरात आम्ही धानाच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, बोडीपर्यंत जाऊ लागलो. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहानसं तळं. तिच्या पाळीवर बसून ती दम खायची आणि म्हणायची, "आज पाय आपले वाटून राह्यले." तेव्हा मला कोण फुशारकी वाटायची!

एका सकाळी कोरपन्याहून तिचा भाऊ गुणवंतराव भेटीला आला. आजाऱ्याला बघायला येणारा माणूस खाटेपाशी बसतो, आजारी खाटेवर असतो, ही आमच्याकडची रीत. इथे खाट रिकामी आणि बहीण रस्त्याने घामाघूम येत होती. तो तिथेच सोमाजीवर कडाडला, "भाऊजी, बिमार बाईले गावभर फिरवून राह्यले? लाज नाई वाटत?"

"दादा, डॉक्टरीणबाईनंच सांगतलं," ती म्हणाली. पण दारादारांत माणसं जमली होती, तिचं कोण ऐकतो?

सोमाजी मनाचा भला, पण लोकांच्या तोंडाला फार भिणारा. त्याच दिवशी त्याने मला आढ्याला टांगलं. मग सुरू झाली सेवा. पाणी खाटेवर, जेवण खाटेवर. ती वर बघून म्हणायची, "काठी काढून द्या ना जी."

"आराम कर. लोक नावं ठेवतात."

त्याच्या आवाजात मायाच होती, म्हणून मला त्याच्यावर धड रागावताही येईना.

तीन आठवड्यांनी पुढच्या औषधासाठी दवाखान्यात नेताना तिला उचलून जीपमध्ये बसवावं लागलं. संध्याकाळी परत आल्यावर सोमाजी शेजारच्या बुधरीला सांगत होता, "ताकद नाई म्हणून औषध पुढं ढकललं. डॉक्टरीणबाई म्हणे, चालत होत्या ना, मग काय झालं? मी काय सांगू तिले?"

त्याने मला खाली काढलं. ती उठली आणि उंबरठ्यापर्यंत गेली. दुसऱ्या दिवशीही उंबरठ्यापर्यंतच. बोडी आम्हाला पुन्हा दिसली नाही. धान कापणीला आलं तेव्हा ती गेली.

आजार मोठा होता. ती चालत राहिली असती तर वाचली असती, असं सांगायला मी काही वैद्य नाही. पण ते तीन आठवडे तिचे होते आणि ते आम्ही तिच्या हातून काढून घेतले. मला दुःख आहे ते त्याचंच.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी आजारी असेल आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं असेल, तर त्याच्यासोबत चाला. थकला तर बसा, पण लोक बोलतात म्हणून त्याला खाटेला खिळवू नका.

तिची खाट अजून तिथेच आहे. रोज सकाळी झाडझूड झाली की सोमाजी मला तिच्या उशाशी टेकवून ठेवतो, झोपल्या जागेवरून हात पोचेल अशी.